भोंग्याचा टाका

ओढ्यापलीकडच्या उसाच्या फडात परवा कोयते वाजायला लागले आणि माझा हात चहाच्या बशीवरच थांबला. ऊसतोडीची टोळी आली म्हणायची. बांधाला पाचटाच्या कोप्या उभ्या राहिल्या, बैलांच्या घुंगरांनी रस्ता भरला, तोडलेल्या उसाच्या वाढ्यांचा ओलसर गोड वास दारापर्यंत आला. निमोण्याच्या शिवारात थंडी अशीच येते. आधी हा वास, मग ट्रॅक्टरवरची फुटक्या आवाजातली गाणी, आणि मग दिवस मावळायच्या आत दाराला कडी.

कडी वाघासाठी. शिकलेली माणसं त्याला बिबट्या म्हणतात. आमच्याकडे भीतीच्या मापानं नाव ठेवायची पद्धत, म्हणून तो वाघ. ऊस उभा असतो तोवर तो उसात असतो, एवढं तरी ठाऊक असतं. तोड सुरू झाली की त्याचं घर रोज थोडं थोडं लहान होत जातं, आणि मग तो कुठं असेल हे त्याचं त्यालाही सांगता येत नसावं.

बशी खाली ठेवली आणि सवयीनं रस्त्याकडे कान लावला. हा कान मला अशाच एका हंगामानं दिला. त्या हंगामात मी शिरूरला संध्याकाळच्या क्लासला जात होते. इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरिंगचा क्लास, नवशिक्यांसाठी. हसा हसा. मीही हसते.

तेव्हाची ती बाई, म्हणजे तेव्हाची मीच, डोळ्यांपुढं आली की मला तिची कीवही येते आणि गंमतही वाटते. साठीला दोन-तीन वर्षं कमी होती तिला, म्हणजे पोरच म्हणायची. आपल्याला सगळं येतं असं वाटण्याचं ते वय. तिची एक खोड होती. घरातली कुठलीही वस्तू बंद पडली की ती तिच्या पाठीत एक चापट ठेवून द्यायची. रेडिओनं खाल्ली, टीव्हीनं खाल्ली, मिक्सरनं तर झाकणासकट खाल्ली. गंमत अशी की त्यातल्या निम्म्या वस्तू खरंच चालू व्हायच्या. मग ही पदर खोचून घरभर अशी फिरायची, की जणू विजेचा शोध हिच्याच माहेरी, राहू गावात लागला होता.

त्या वर्षी बंद पडला तो भोंग्या. आमच्या वस्तीच्या वाटेवर, बांधावरच्या खांबाला, एक डबा लावलेला होता. डोक्यावर उन्हावर चालणारी पाटी, कपाळाला लाल-निळे दिवे आणि पोटात भोंगा. समोर काही हललं की दिवे गरगरायचे आणि तो असा बोंबलायचा की वाघ सोडा, आमच्या शेळ्याही दावं तोडायला बघायच्या. बोंबलतो म्हणून भोंग्या. घरातलं माणूस असल्यासारखं त्याचं नाव घ्यायचो आम्ही. तो एका सकाळी गप्प झाला. चापट मारली. दोन दिवस चालला आणि पुन्हा गप्प.

त्या डब्याच्या जिवावर माझी सून सारिका रोज घरी यायची. रांजणगावच्या एका कंपनीत ती पॅकिंगला होती, ठेकेदाराकडून. कंपनीची बस तिला दिवस मावळल्यावर फाट्यावर सोडायची आणि फाट्यापासून वस्तीपर्यंतची वाट दोन्ही अंगांनी उसातून. दुपारी त्याच वाटेनं आलं तर ती संपते कधी कळत नाही. उजेड गेला की लांबते. त्या वर्षी सारिकाला पर्मनंट करायचं बोलणं चाललं होतं. हजेरीत खाडा पडला की नाव मागं, आणि ठेकेदाराच्या दारात दुसरी उभीच.

शेजारच्या वस्तीवरची शेळी गेली त्या दिवशी माझा मुलगा संतोष जेवताना म्हणाला, "भोंग्या चालू होईस्तोर कंपनी बंद."

सारिकानं मान वर केली. "आन् भोंग्या इकला त्या दुकानवाल्याचा माणूस कवा येणार?"

"पुढच्या हप्त्यात म्हणतोय."

"मागच्या हप्त्यातबी तेच म्हणत हुता. तुम्ही या की मला घ्यायला फाट्यावर."

"मोटारीला लाईट त्याच टायमाला असती. पाणी उसात सोडून देऊ व्हय?"

संतोष वाईट नाही. त्याचा बापही असाच होता. भ्याला की हुकूम सोडायचा. तो स्वतः त्याच वेळेला गुडघाभर पाण्यात, एका बॅटरीच्या उजेडात, उसाच्या कडेला उभा असायचा. त्याची भीती कोणी विचारत नव्हतं, म्हणून ती बायकोवर निघत होती. सारिका भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून धरून बसली. तुकडा विरघळला तरी तिनं तोंडात घातला नाही.

आणि तेव्हा त्या शहाणीनं, म्हणजे मी, जाहीर केलं, "मीच दुरुस्त करते त्याला. शिकून येते."

"आये," संतोष म्हणाला, "तुला मोबाईलची बॅटरी बंद करता येत न्हाई. चार्जिंग संपूस्तोर उजेड पडलेला असतो तुझ्या कमरेला."

खरंच होतं ते. पण शिरूरला डोळे तपासायला गेले होते तेव्हा एस. टी. स्टँडच्या मागच्या बोळात मी पाटी पाहिली होती आणि तिच्यावर 'नवशिक्यांसाठी' असं ठळक लिहिलेलं होतं. नवशिक्याचं वय काय असावं, ते लिहिलेलं नव्हतं.

ही बातमी दौंडला माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत पोचायला एक फोन पुरला. हिरी माझ्यापेक्षा शहाणी. राहूला आम्ही दोघी मेंढरांमागं वाढलो, पण तिला रेल्वेतला नवरा मिळाला आणि मला ऊस. ती म्हणाली, "अक्के, शिकायचंच हाय ना? मग हिकडं ये. आमच्या गल्लीत दुपारचा क्लास हाय. जेवून जायचं, चहाला घरी. वाघ न्हाई का काय न्हाई. महिनाभर ऱ्हा, तुझी हाडं तरी तापतील."

संतोषला ते एकदम पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू? हिरीच्या घरी दुपारची झोप मिळते, तिच्या हातचं मटण मिळतं आणि रेल्वेच्या शिट्ट्या ऐकत पडून राहायला मिळतं. दोन दिवस त्या बाईच्या मनात नुसतं दौंड आणि शिरूर, शिरूर आणि दौंड. इकडं सारिका रोज सकाळी डबा भरताना नवऱ्याच्या तोंडाकडे बघायची, आज अडवतो की काय म्हणून. तो अडवत नव्हता, पण जा असंही म्हणत नव्हता. घरात भांडं जरा जोरात ठेवलं तरी सगळे दचकत होते.

तिसऱ्या दिवशी मी शिरूर गाठलं. क्लासचे सर म्हणजे तिशीच्या आतलाच, गळ्यात मफलर गुंडाळलेला माणूस. त्यांना मी फी विचारली नाही. सर्टिफिकेट मिळतं का, किती दिवसांत शिकून होतं, काही म्हणजे काही विचारलं नाही. एकच विचारलं.

"संध्याकाळची बॅच सुटते कधी?"

"दिवस कलल्यावर सुटते, घरी पोचेपर्यंत अंधार पडेल, आजी. तुम्ही सकाळची घ्या ना, तुम्हाला बरी पडेल."

"न्हाई. मला अंधारच पाहिजे."

सरांनी माझ्याकडे जरा वळून पाहिलं. पण माझा हिशेब सरळ होता. दिवस कलल्यावर सुटलं की स्टँडवरून वडापची जीप, आणि ती जीप फाट्यावर पोचते त्याच सुमाराला कंपनीची बसही पोचते. भोंग्या शिकून होईपर्यंत वाटेवर एकीच्या जागी दोघी. दौंडला बसून मी डबा दुरुस्त करायला शिकले असते, पण रोज संध्याकाळी माझा जीव या वाटेवरच लटकलेला राहिला असता.

संतोष कपाळावर हात मारून म्हणाला, "एकीचा घोर हुता, आता दोघींचा. ज्या दिवशी तू न्हाई, त्या दिवशी तिनंबी जायचं न्हाई. सांगून ठेवतो."

असा तह झाला. म्हणजे मला ताप आला, गुडघा धरला, की सारिकाचा खाडा. पहिल्यांदाच माझी हजेरी कोणाच्या तरी पोटाला बांधलेली होती. वर्गात बाकीची पोरं सोळा-सतरा वर्षांची, मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकायची स्वप्नं बघणारी. ती निवांत उशिरा यायची. मी घाम पुसत, वेळेच्या आधी.

पहिल्या दिवशी सर म्हणाले, "उद्या आपण टाका मारायला शिकू. ज्याच्याकडे जे सामान असेल ते घेऊन या."

आता टाका म्हटल्यावर मला काय कळणार? गोधड्या शिवण्यात जन्म गेला. दुसऱ्या दिवशी पोरांनी पिशव्यांतून तारा, पकडी, जुने रेडिओ काढले. मी काढलं दाभण, दोऱ्याचं रीळ आणि बोटात घालायचं टोपण.

सर म्हणाले, "आजी, हे काय?"

"टाका मारायचाय न्हवं? दोरा दुपदरी घ्यायचा का चौपदरी, त्येवढं सांगा."

सगळा वर्ग बाकांवर लोळायचा राहिला. सर मात्र मनापासून हसले आणि त्यांनी तापलेली सळई माझ्या हातात दिली. तार आणि डब्याच्या आतली तांब्याची पाटी जिथं भेटतात तिथं सळई टेकवायची, वितळणारा धातू सोडायचा, थेंब धरला की सळई उचलायची. तो थेंब म्हणजे टाका. सळई टेकली आणि राळेचा धूर नाकात गेला. एकदम माझा बाप आठवला. आजारी मेंढराला तो तापल्या विळ्यानं डाग द्यायचा तेव्हा जळक्या लोकरीचा वास यायचा आणि आम्ही दोघी बहिणी डोळे मिटून घ्यायचो. इथंही मी डोळे मिटले. टाका भलत्याच ठिकाणी पडला.

"डोळे उघडे ठेवून, आजी," सर म्हणाले. "याला दुखत नाही."

पुढचे दिवस आता एकात एक मिसळले आहेत. राळेचा धूर, जोड लागला की मीटरची निघणारी ती बारीक शीळ, जीपमध्ये मांडीवर घट्ट धरलेली पिशवी, मेथीच्या जुड्यांचा वास, आणि फाटा जवळ आला की जीपबाहेर लागलेली नजर. बस आधी आली असेल तर सारिका रस्त्याच्या कडेला उभी असायची, ओढणी डोक्यावरून घेऊन. जीप आधी आली असेल तर मी. दोघींपैकी कोणी दिसली नाही की दुसरी रस्त्याच्या मधोमध येऊन बघायची. वाटेनं ती मोबाईलवर गाणी लावायची, मोठ्या आवाजात. सगळेच लावतात, माणसाचा आवाज असला की तो लांब राहतो म्हणतात. आम्ही मात्र बोलायचो नाही. एका चुलीपाशी इतकी वर्षं काढली होती आम्ही, पण आमचं बोलणं म्हणजे मीठ, गॅस, लाईट. तिच्या मनात काय ते मला ठाऊक नव्हतं, आणि माझ्या मनात काय ते तिला नक्की ठाऊक असणार, कारण मी ते भांडी आपटून सांगायचे.

मग ती संध्याकाळ आली.

त्या दिवशी मी भोंग्या क्लासला नेला होता. आतला टाका सुटला होता, तो मीच शोधला आणि मीच मारला. टेबलावर तो असा बोंबलला की बोळातली कुत्री पळाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. जीपमध्ये वाजू नये म्हणून सरांनी बॅटरीची एक वायर सोडून दिली आणि मी डबा पिशवीत घालून, नाक वर करून निघाले. फाट्यावर सारिका उभी होती. पश्चिमेला उजेडाची एकच राखाडी पट्टी उरलेली.

थोडं आत आलो आणि गाणं बंद पडलं.

"आत्या, मोबाईल गेला," सारिका म्हणाली. "चार्जिंग संपलं."

माझा सकाळपासून बंदच होता. दोन्ही बाजूंना ऊस, वारा अजिबात नाही, आणि आमच्या चपलांखाली पाचट करकर वाजतंय.

"बोल मग," मी म्हणाले. "मोठ्यानं."

"काय बोलू?"

लहानपणी मेंढरांच्या तळावर अंधार पडला की बाप एका टोकाला आणि चुलता दुसऱ्या टोकाला बसायचे आणि मधून मधून एकमेकांना हाळी घालायचे. काहीही, पाण्याचं, पावसाचं, कोणाच्या लग्नाचं. लांडग्याला कळावं, माणसं जागी आहेत. पण त्या दोघांना बोलायला विषय होते.

"भांड माझ्यासंगं," मी म्हणाले.

"आं?"

"भांड म्हणते. सासू हाय मी तुझी. त्याला विषय शोधावा लागतोय व्हय?"

ती आधी हसली. मग घसा खाकरून जरा ओरडून म्हणाली, "तुम्ही माझ्या डब्यात कालचीच भाजी घालता!"

"आन् तू नासलेलं दूध फेकून देतीस! त्याची वडी कोण करणार, तुझी आई?"

"माझ्या आईचं नाव काढू नका!"

"काढणार! लग्नात मानाचं पातळ इरलेलं दिलं तिनं!"

"तेच नेसून मिरवत हुता की वर्षभर!"

खोटं खोटं कुठं संपलं आणि खरं कुठं सुरू झालं ते कळलंच नाही. वर्षानुवर्षं भांड्यांत आपटलेलं सगळं वाटेवर यायला लागलं. माझा आवाज चढला, तिचा माझ्याहून चढला. आणि मग ती एकदम थांबली. तिचा आवाज फाटला.

"रोज दमून येते मी. उभं राहून राहून पायाचे गोळे झालेले असतात. एकदा तरी म्हणालात का, बस जरा म्हणून?"

"मला कोण म्हणालं हुतं?" मी ओरडले. आणि तो प्रश्न इतक्या जुन्या जागेवरून आला होता की मी वाटेतच थांबले.

तेवढ्यात उजव्या हाताला ऊस सळसळला.

वारा नव्हता. आम्ही दोन पावलं टाकली, सळसळ दोन पावलं आली. आम्ही थांबलो, ती थांबली. सारिकानं माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली, ती खूण कित्येक दिवस होती.

"आत्या," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली, "भोंग्या."

पिशवीतून डबा काढला. चष्मा कपाळावरच राहिलेला. वायर चाचपली, टेकवली. लाल दिवा एकदा लुकलुकला आणि डब्यातून आवाज आला, कुंई. नुकतेच डोळे उघडलेल्या पिल्लासारखा. मग तेवढाही नाही.

ऊस पुन्हा हलला. जवळ.

आणि तेव्हा त्या शहाणीनं, क्लासला जाऊन राळेचा धूर खाऊन आलेल्या त्या बाईनं, तेच केलं जे तिला जन्मभर येत होतं. डब्याच्या पाठीत काडकन चापट मारली.

भोंग्या बोंबलला. दिवे फिरले, उसाची पानं लाल झाली, निळी झाली. सारिका बोंबलली. मी तर बापाच्या तळावरची हाळी दिली. तिघांचा असा गिल्ला झाला की संतोष उसाचं पाणी तसंच सोडून, खोरं घेऊन पळत आला, तेव्हाही आम्ही थांबलो नव्हतो. उसात काहीतरी जड, पाचट मोडत, लांब लांब गेलं.

सकाळी पाटाच्या चिखलात ठसे दिसले. संतोषनं उकिडवं बसून ठशाशेजारी आपला पंजा टेकवून पाहिला. मला वाटलं, आता क्लासही गेला आणि कंपनीही गेली. मागं सारिका डबा हातात घेऊन उभी होती, चप्पल पायात, जावं की न जावं. संतोष उठला, खोऱ्याचा चिखल पुसला आणि आमच्याकडे न बघताच म्हणाला, "दोघींची चार्जिंगं बघून निघत जा." सारिकानं ओढणीनं डोळे पुसले आणि फाट्याकडे जवळजवळ पळत सुटली.

संध्याकाळी क्लासात मी छाती काढून सगळं सांगितलं. सरांनी डबा उघडला, भिंगातून पाहिलं.

"चापट मारल्यावर वाजला ना? म्हणजे टाका कच्चाच आहे, आजी. वरून चकाकतोय नुसता. तुम्ही एकच अंग तापवलंत. तार तापली, पाटी थंड राहिली. दोन्ही तापल्याशिवाय टाका धरत नाही."

पोरं पुढच्या कामाला लागली. मी सळई हातात धरून बसले. मनगटावरच्या नखांच्या खुणा ठणकत होत्या आणि डोळ्यांपुढं आदल्या संध्याकाळची वाट होती. मग मी तार तापवली, पाटीही तापवली आणि डोळे उघडे ठेवून टाका मारला.

तो टाका अजून आहे. भोंग्याच्या डोक्यावरची उन्हाची पाटी बदलली, दिवे बदलले, टाका तोच. सारिकाचा त्या हंगामात खाडा पडला नाही, ती पर्मनंट झाली. कच्च्या वाटेला खडी पडली. मी मात्र त्यापुढं काही फारसं शिकले नाही. मोबाईलची बॅटरी आजही नातीला बंद करायला सांगते.

पण वाघही शिकतो. दिवे फिरतात, डबा ओरडतो, पण अंगावर काही येत नाही, हे त्यालाही कळलं आहे. गेल्या वर्षी कोणी म्हणे त्याला खांबाखालीच बसलेला पाहिला, भोंग्या डोक्यावर बोंबलत असताना. म्हणून आम्ही आमची रीत सोडली नाही. माझे गुडघे आता फाट्यापर्यंत नेत नाहीत. मी ओट्यावर बसते. बस थांबली की सारिका तिथूनच सुरुवात करते, मी इथून उत्तर देते आणि वाट संपेपर्यंत आमचं कडाक्याचं भांडण चालतं. नव्या माणसाला वाटतं, या घरात काही खरं नाही.

आत्ता हे लिहितेय तेव्हा पलीकडच्या फडात कोयते थांबलेत. कोप्यांपुढं चुली पेटल्या आहेत. उजेडाची ती राखाडी पट्टी आहे तिथंच आहे. बस थांबल्याचा आवाज आला. दार आपटलं. बस गेली.

काही नाही.

बसायला पाट मांडून ठेवलाय, पाण्याचा तांब्या भरून ठेवलाय. वारा नाही. ओढ्याच्या बाजूला एक टिटवी ओरडून गप्प झाली. मी लेखणी खाली ठेवली, दोन्ही हात ओट्याला टेकून उठले. एवढा वेळ लागत नाही तिला. खडीवर पाय वाजतोय का? नाही. ऊसच आहे तो. ऊस आहे, की...

"आत्याऽऽ! सकाळी डब्यात कालचीच भाजी कुणी घातली वंऽऽ?"

मी छातीत मावेल तेवढा वारा भरून घेतला.

"मीच घातली! काय करतीस? ये आन् बस आधी!"